एसट्या, विकेटा आणि आरबीआय

'आरबीआय' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती मुंबईच्या फोर्टमधली रिझर्व्ह बँक, नोटेवरची गव्हर्नरांची सही आणि व्याजदराच्या बातम्या. अमेरिकेत मात्र हीच तीन अक्षरे उच्चारली की लोकांना बेसबॉल आठवतो. तिथे आरबीआय म्हणजे 'रन्स बॅटेड इन'. या तीन अक्षरांच्या शेपटीला अनेकवचनाचा 'एस' जोडायचा की नाही, यावर तिथले क्रीडारसिक, समालोचक आणि वृत्तपत्रांतले उपसंपादक वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येत आले आहेत. एक म्हणतो, 'शंभर आरबीआय'. दुसरा म्हणतो, 'शंभर आरबीआयज'. दोघेही एकमेकांना अडाणी ठरवून मोकळे होतात.

वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. पण भाषेतले मोठे प्रश्न अनेकदा अशा चिमुकल्या प्रत्ययांतच दडलेले असतात, आणि हा प्रश्न तर आपल्या दारापर्यंत येऊन पोचलेला आहे.

आधी ही भानगड काय ते पाहू. क्रिकेटमध्ये फलंदाजाने चेंडू टोलवला आणि तो पळाला की धाव त्याच्याच खात्यात जमा होते. बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथे आधीचे गडी मैदानातल्या तळांवर उभे असतात. फलंदाजाने फटका मारला आणि त्यामुळे तळावरचा गडी घरी परतला, तर धाव त्या पळणाऱ्या गड्याच्या नावावर लागते. पण ती धाव घडवून आणल्याचे श्रेय फलंदाजाला मिळते. ते श्रेय म्हणजे 'रन बॅटेड इन'. १९२० सालापासून हा आकडा तिथल्या अधिकृत नोंदींत धरला जातो. शिकागो कब्ज संघाच्या हॅक विल्सनने १९३०च्या एका मोसमात या खात्यात १९० धावा जमवल्या, असे जवळजवळ ७० वर्षे नोंदवहीत लिहिलेले होते. पुढे संशोधकांनी जुनी गुणपत्रके तपासली, एक निसटलेली धाव सापडली, आणि १९९९ साली तो विक्रम अधिकृतपणे १९१ झाला. आकडा असा दुरुस्त करता आला. ते १९१ 'आरबीआय' की 'आरबीआयज', हे मात्र कोणत्याही नोंदवहीला ठरवता आलेले नाही.

'एस' नको म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. आर म्हणजे 'रन'ही आणि 'रन्स'ही. लांबण लावून म्हणताना आपण 'रन्स बॅटेड इन' म्हणतो, 'रन बॅटेड इन्स' म्हणत नाही. म्हणजे अनेकवचन आधीच 'आर'च्या पोटात आहे. शेवटी पुन्हा 'एस' लावणे म्हणजे टोपीवर टोपी. व्याकरणाच्या तासाला पूर्ण गुण मिळावेत असाच हा मुद्दा आहे.

पण मग दुसरी बाजू हळूच विचारते, 'मेंबर ऑफ पार्लमेंट'चे अनेकवचन 'मेंबर्स ऑफ पार्लमेंट'. तिथेही अनेकवचन पहिल्याच शब्दाला लागते. तरी इंग्रज माणूस 'एमपीज' म्हणतोच ना? युद्धकैद्यांना 'पीओडब्ल्यूज' म्हणतोच ना? शब्दांची अक्षरे झाली की त्यांचा एक नवा शब्द बनतो, आणि नव्या शब्दाचे शेपूट शेवटीच असायचे. यावर पहिला पक्ष ताशी मैलांचे 'एमपीएच' पुढे करतो. त्यातही 'माइल्स'चे अनेकवचन पोटात आहे; त्याला कोणी 'एस' लावतो का? थोडक्यात, तर्काने हे भांडण सुटत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेने 'एस' लावण्याच्या बाजूने कौल दिला आहे, तरीही 'एस' न लावणारे आपला हेका सोडत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. मैदानावरच्या खेळाडूंनी आणि बाकावरच्या प्रेक्षकांनी त्या तीन अक्षरांचा उच्चारच एकत्र करून 'रिबी' असा शब्द पाडला. आणि 'रिबी'चे अनेकवचन 'रिबीज' करताना कोणालाही व्याकरण आठवले नाही. अक्षरांचा शब्द झाला, लोक त्याचा उगम विसरले, आणि भांडण तिथेच मिटले.

क्रिकेटनेही इंग्रजीत असे घोळ घातले आहेत. 'इनिंग्ज' हा शब्द क्रिकेटमध्ये एकवचनातही 'एस' घेऊनच वावरतो. एक इनिंग्ज, दोन इनिंग्ज. बेसबॉलमध्ये मात्र एक 'इनिंग' आणि नऊ 'इनिंग्ज'. एकाच घराण्यातले दोन खेळ, तरी शब्दाच्या वाटण्या वेगळ्या.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा शाळेच्या संघात बेसबॉल खेळतो. एकदा फोनवर भाचा म्हणाला, "मामा, आमच्या घरातच दोन पक्ष पडलेत. मी 'आरबीआयज' म्हटलं की चिरंजीव मला दुरुस्त करतात."

"अरे, मग मराठीत बोलताना काय करता?" मी विचारले.

"मराठीत?" तो जरा थांबला. "मराठीत 'आज त्याचे तीन आरबीआय झाले' असंच तोंडात येतं. तिथं भांडण होतच नाही."

भांडण का होत नाही, हे पाहण्यासारखे आहे. 'तीन आरबीआय झाले' या वाक्यात 'तीन' आहे आणि 'झाले' आहे. मराठीत अनेकवचनाचा भार एकट्या नामाने वाहायचा नसतो. क्रियापद त्याला खांदा देते, विशेषणही देते. 'विकेट पडली' आणि 'विकेट पडल्या' यांत नाम तेच, पण एकीत एक गडी गेला आणि दुसरीत अनेक, हे शेंबड्या पोरालाही कळते. 'पाचही वनडे जिंकल्या', 'दोन्ही टेस्ट हरलो', 'दोन एलबीडब्ल्यू दिले'. यात कुठे काही अडले? इंग्रजीत 'विकेट' पडो की 'विकेट्स' पडोत, भूतकाळी क्रियापद तसेच राहते. त्यामुळे त्या भाषेला शेवटच्या 'एस'ची गरज लागते. आपल्याला ती तितकी नाही.

आणि जिथे नामाला अनेकवचन द्यावेसे वाटते, तिथे आपला कारखाना पूर्वीपासून चालू आहे. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस बाहेरच्या शब्दांना लिंग देत होता आणि लिंगाप्रमाणे अनेकवचन देत होता. बँक आली, तिच्या बँका झाल्या. पेन्सिलीच्या पेन्सिली, सायकलीच्या सायकली, फाइलच्या फायली झाल्या. तिकिटाची तिकिटे झाली, स्टेशनाची स्टेशने. डॉक्टर पुल्लिंगी ठरला, म्हणून एक डॉक्टर, चार डॉक्टर. जसा एक दगड, चार दगड. कोणी समिती नेमली नव्हती. तरी सोलापूरपासून सावंतवाडीपर्यंत लोक एकच नियम पाळत होते.

आद्याक्षरांनाही मराठीने सोडले नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची 'एसटी' झाली. इंग्रजी व्याकरणकाराने तिचे अनेकवचन काय करावे यावर डोके खाजवले असते. आपल्याकडच्या स्टँडवरच्या म्हातारीने एका क्षणात निकाल दिला, "दोन एसट्या भरून गेल्या, तिसरी काही येईना." नदी-नद्या, काठी-काठ्या, तशी एसटी-एसट्या. ती एसटी म्हणते की एष्टी, याने काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या 'रिबी'ने जे केले तेच आपल्या एसटीने केले. उगम विसरला गेला आणि शब्द घरचा झाला.

खेळाच्या मैदानावरही हेच चालले होते. एका दैनिकाच्या क्रीडा पानावर मी बरीच वर्षे काम केले. मैदानावरची आणि गल्लीतली मराठी रोज कानांवर पडायची. पोरे सहज म्हणत, 'तीन विकेटा काढल्या', 'सेंच्युऱ्या ठोकल्या', 'ट्रॉफ्या आणल्या'. दुसरीकडे वृत्तपत्रे आणि आकाशवाणी शुद्ध मराठी संज्ञा रुळवीत होती. बाळ ज. पंडितांचे धावते समालोचन आणि वि. वि. करमरकरांचे लेखन ज्यांनी अनुभवले, त्यांना षटके, चौकार, झेल, यष्ट्या हे शब्द कधी परके वाटले नाहीत. या संज्ञांनी आद्याक्षरांचा प्रश्नच संपवून टाकला होता. 'लेग बिफोर विकेट' हा नियम १७७४ साली इंग्लंडच्या नियमावलीत आला. त्याचे तिथे 'एलबीडब्ल्यू' झाले, आणि मग 'एलबीडब्ल्यूज' म्हणायचे का, हा पेच. आपण म्हटले 'पायचीत'. तिघे पायचीत झाले. अनेकवचन माणसांना लागले, बाद होण्याच्या प्रकाराला लागलेच नाही. मेलबर्नला ५ जानेवारी १९७१ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. इंग्रजीत त्या प्रकाराची पुढे 'ओडीआय' ही अक्षरे झाली. आपल्याकडे एकदिवसीय सामना, एकदिवसीय सामने. संपला विषय.

म्हणजे आपल्यापाशी दोन रस्ते होते, एक रांगडा आणि एक नेटका. दोन्ही रस्त्यांवर व्याकरण आपले होते. आता तिसरा रस्ता मोठा होत चालला आहे. 'विकेट्स', 'ओव्हर्स', 'मॅचेस' हे तर रुळलेच. आता 'वनडेज', 'ओडीआयज', 'एनजीओज', 'एफडीज' असे छापलेले दिसते. शब्द बाहेरून येण्याला माझा मुळीच विरोध नाही. पाव आणि बटाटा परक्या मुलखातून आले म्हणून कोणी वडापाव टाकून देत नाही. पण शब्द येणे वेगळे आणि त्याने आपले व्याकरण बरोबर आणणे वेगळे. पाहुणा आला तर त्याने आपल्या ताटात जेवावे; चूल कुठे मांडायची हे त्याने ठरवू नये.

कोणी म्हणेल, 'एस' लावला तर बिघडले काय? अर्थ तर कळतो. अर्थ कळतो, हे खरे. पण त्या 'एस'बरोबर एक निवाडाही येतो. 'विकेट्स' म्हणणारा शिकलेला आणि 'विकेटा' म्हणणारा गावंढळ, असा तो निवाडा आहे. 'विकेटा' म्हणणारे पोर मराठीचा नियम अचूक पाळत असते. 'वीट-विटा', 'वाट-वाटा' हा नियम त्याला कोणी शिकवलेला नसतो, तो त्याच्या जिभेवर असतो. त्याला हसून गप्प केले की त्याला वाटते, आपली भाषाच चुकीची. मग ते पोर वर्गात हात वर करताना कचरते, मुलाखतीत अडखळते, आणि आपल्या आईच्या बोलण्याचीही त्याला लाज वाटू लागते. एका प्रत्ययाची एवढी किंमत मला फार वाटते.

मजा अशी की ज्यांना हा 'एस' फार प्रिय, त्यांच्याही तोंडून मराठी आपला हिसका दाखवते. 'एनजीओज' लिहिणाराच पुढच्या ओळीत 'एनजीओंना' लिहितो. 'ओबीसींचे आरक्षण' हा शब्दप्रयोग तर रोजचा. त्या अनुस्वारात मराठी अनेकवचन शाबूत आहे. विभक्ती आली की इंग्रजी 'एस'चे काही चालत नाही. उलट एसटीचा कंडक्टर 'पुढे एक लेडीज बसू द्या' म्हणतो, तेव्हा त्याने इंग्रजी अनेकवचनाचे बिनदिक्कत एकवचन करून टाकलेले असते. त्यात अज्ञानापेक्षा आत्मविश्वास अधिक आहे.

२०२३ साली आयपीएलचे समालोचन मोबाइलवर मराठीतूनही ऐकायला मिळाले. लाखो कानांपर्यंत पोचणारी अशी संधी आकाशवाणीच्या दिवसांनंतर मराठीला पुन्हा मिळते आहे. समालोचकांनी सगळेच शब्द संस्कृतप्रचुर करावेत, अशी माझी मागणी नाही. 'विकेट' म्हणा, 'ओव्हर' म्हणा, 'डीआरएस' म्हणा. फक्त शेवटचे शेपूट मराठीवर सोडा. 'चार विकेट पडल्या' म्हणा, 'दोन ओव्हर उरल्या' म्हणा, आणि उत्साहाच्या भरात कधी 'विकेटा' निघून गेले तर जीभ चावू नका. ऐकणाऱ्या कुठल्या तरी पोराला कळेल की आपण गल्लीत बोलतो तेही मराठीच आहे, आणि ते चुकीचे नाही.

अमेरिकेतले लोक आपल्या आरबीआयचे काय करायचे ते करोत. त्यांच्यात कितीही पक्ष असले, तरी ते भांडण आपल्याच भाषेच्या नियमांवर भांडतात. आपणही भांडावे, अगदी जोरात भांडावे. पण ते 'विकेट' की 'विकेटा' यावर.