स्वामित्वदर्शक रचना व सर्वनामे (इंग्रजी, मराठी व गोंडी)

एखादी वस्तू, व्यक्ती किंवा गुण कोणाचा आहे, हे दाखविणारी व्याकरणिक रचना म्हणजे स्वामित्वदर्शक रचना होय. तिचा सर्वनामांशी निकटचा संबंध आहे. कारण ‘माझे’, ‘तिचे’, ‘आमचे’ यांसारखी रूपे सर्वनामांपासूनच बनतात. स्वामित्व ही कल्पना सर्व भाषांत आढळत असली, तरी ती व्यक्त करण्याच्या रीती भिन्न आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत ही भिन्नता विशेष स्पष्टपणे दिसते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. या प्रदेशात मराठी व तिची झाडीबोली, तसेच गोंडी, माडिया, कोलामी आणि सिरोंचा भागात तेलुगू बोलली जाते. यांपैकी मराठी व झाडीबोली भारतीय-आर्य, तर उरलेल्या द्राविडी भाषाकुलातील आहेत. त्यामुळे येथील अनेक विद्यार्थ्यांना घरची भाषा एक, शाळेची दुसरी व इंग्रजी ही तिसरी, अशा क्रमाने शिकावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो.

स्वामित्ववाचक रूपे : मराठीत षष्ठीचे रूप स्वामित्वाखालील वस्तूच्या लिंगवचनांनुसार बदलते : माझा भाऊ, माझी बहीण, माझे घर. गोंडीतही या स्वरूपाची व्यवस्था आहे. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी संपादिलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) गोंडीचे विवेचन आले आहे. तिच्या काही बोलींत पुरुषवाचक नामापूर्वी ‘नावोर’ व इतर नामांपूर्वी ‘नावा’ अशी ‘माझा-माझे’ या अर्थाची रूपे योजतात. इंग्रजीत मात्र ‘माय’ हे रूप भाऊ, बहीण, घर या तिन्हींपूर्वी तसेच राहते. तेथे भेद होतो तो स्वामीच्या लिंगानुसार : पुरुषासाठी ‘हिज’, स्त्रीसाठी ‘हर’ आणि निर्जीव वस्तूसाठी ‘इट्स’. मराठीच्या ‘तिचा भाऊ’ या रूपात स्वामिनीचे लिंग ‘ति-’ या अंगात व भावाचे लिंग ‘-चा’ या प्रत्ययात दिसते. इंग्रजीत यांपैकी पहिलेच उरते. वस्तूच्या लिंगाकडे पाहण्याची सवय झालेला विद्यार्थी भावाच्या लिंगावरून ‘हिज ब्रदर’ असे लिहितो, तेव्हा त्या वाक्यातील बहीणच नाहीशी होते.

‘माय’ नामापूर्वी येते, तर ‘माइन’ नामाशिवाय. मराठीत ‘माझे पुस्तक’ व ‘हे पुस्तक माझे’ या दोन्ही ठिकाणी एकच रूप चालते. नामांचे स्वामित्व इंग्रजीत ‘स्’ हा ध्वनी जोडून दाखवितात व लेखनात त्यापूर्वी अपॉस्ट्रॉफी हे चिन्ह देतात; हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीतील षष्ठीचा अवशेष होय. ‘स्’कारान्त अनेकवचनात हे चिन्ह शेवटी येते. सर्वनामांच्या स्वामित्ववाचक रूपांना मात्र ते लागत नाही. म्हणून ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ चिन्हाविना आणि ‘इट इज’चा संक्षेप असलेले ‘इट्स’ चिन्हासह लिहितात. उच्चार एकच असल्याने इंग्रजी मातृभाषा असलेलेही येथे चुकतात. स्वामित्ववाचक ‘इट्स’ हे रूप इ. स. १६०० च्या सुमारास रूढ होऊ लागले. त्यापूर्वी नपुंसकलिंगासाठीही ‘हिज’ वापरीत.

‘असणे’ आणि ‘हॅव्ह’ : इंग्रजीतील ‘हॅव्ह’ या क्रियापदाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. नाते ‘मला दोन भाऊ आहेत’ असे, जवळची वस्तू ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असे, तर मालकी ‘हे शेत माझे आहे’ असे सांगतात. पहिल्या दोन वाक्यांत इंग्रजी ‘आय हॅव्ह’ म्हणते. तिसऱ्यात ‘इज माइन’ अशी रचना येते. शब्दशः भाषांतरातून ‘माय टू ब्रदर्स आर’ यांसारखी सदोष वाक्ये निर्माण होतात.

सर्वनामांतील भेद : मराठीत निर्जीव वस्तूंनाही व्याकरणिक लिंग असल्याने दगड ‘तो’, नदी ‘ती’ आणि झाड ‘ते’ ठरते, इंग्रजीत सामान्यतः या तिन्हींसाठी ‘इट’ योजतात. गोंडीत पुरुषवाचक आणि पुरुषेतर असे दोन वर्ग आहेत व स्त्रीवाचक नामे दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यामुळे ‘शी’ व ‘इट’ यांतील भेद गोंडीभाषक मुलाला नव्याने शिकावा लागतो. ‘गुरुजी आले, ते बसले’ या वाक्यातील आदरार्थी ‘ते’साठी इंग्रजीत ‘दे’ नव्हे, तर ‘ही’ हवे. ‘रामने आपली वही आणली’ या वाक्यात वही रामचीच हे निश्चित असते. इंग्रजी ‘हिज’मध्ये ती दुसऱ्याचीही असू शकते.

‘वी’ या इंग्रजी सर्वनामात मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद नाही. ‘आम्ही’मध्ये श्रोता वगळला जातो, ‘आपण’मध्ये समाविष्ट होतो. तेलुगूतही ‘मा’ (आमचे) व ‘मन’ (आपले) अशी वेगळी रूपे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा प्रसिद्ध आहे. ‘मावा नाटे मावा राज’ हे तिचे गोंडी रूप होय. मराठी घोषणेच्या पहिल्या भागात सरकार हे स्वामित्वाचा विषय आहे, तर दुसऱ्यात बोलणारे स्वतःच सरकार आहेत. इंग्रजीत दोन्हीकडे ‘अवर गव्हर्न्मेंट’ असे लिहिल्यास हा आशय लोपतो. दुसऱ्या ठिकाणी ‘वी अवरसेल्व्ह्‌ज’ हाच प्रयोग आवश्यक ठरतो.

व्यावहारिक महत्त्व : वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये मेंढा गावाला २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर क्षेत्रावर सामूहिक वन हक्क मिळाले. अशा कायद्यांत मालकी, ताबा व वापराचा हक्क या संकल्पना भिन्न आहेत. ‘जंगल आमचे’ या एका वाक्यात लोक त्या एकत्र बोलतात. कायद्यात मात्र गौण वनोपजावरील मालकी आणि सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क यांचा वेगवेगळा निर्देश आहे. सर्वनामांचा प्रश्नही येथे येतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ नुसार केंद्रीय कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत, संदर्भ विरुद्ध नसल्यास, स्त्रियांचाही समावेश होतो. म्हणजे ‘हिज’ या शब्दात ‘हर’ गृहीत धरलेले असते. वन हक्क अधिनियमाने मात्र केवळ या गृहीतावर न विसंबता, विवाहित व्यक्तीच्या बाबतीत जमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदविण्याची तरतूद केली आहे. अशा नोंदीचे इंग्रजीत वर्णन करताना ‘हिज लँड’ नव्हे, तर ‘देअर लँड’ हाच योग्य प्रयोग होय.