इंग्रजी शिकू या: गोष्टींतून आणि संभाषणातून



आपल्या परभणी जिल्ह्यातील कितीतरी मुले-मुली दहावी-बारावीला इंग्रजीचा पेपर उत्तीर्ण होतात; परंतु कोणी इंग्रजीतून साधे नाव-गाव विचारले, तर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या खेड्यांतून पुण्या-मुंबईला मुलाखतीसाठी गेलेला पदवीधर आपल्या विषयात कमी पडत नाही, तो पहिल्या दोन वाक्यांत अडखळतो. हे दुखणे आपल्या घरोघरचे आहे. म्हणून त्यावरील एक सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आम्ही या लेखात मांडत आहोत.

आपण मागे का राहिलो?

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. तेव्हा वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. शिक्षण ज्यांच्या दारात उशिरा आले, त्यांच्याकडे इंग्रजी आणखी उशिरा आली. पुढे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाई. २००० सालापासून ती पहिलीपासून सुरू झाली. विषय लवकर आला, पण शिकवण्याची रीत बहुतेक ठिकाणी तीच राहिली: शब्दार्थ पाठ करा, व्याकरणाचे नियम पाठ करा, वाक्याचे भाषांतर करा. या रीतीने परीक्षा होते, बोलणे होत नाही.

भाषांतर कोठे अडते?

आपण म्हणतो, ‘मला भूक लागली.’ याचे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करू गेल्यास काहीच हाती लागत नाही. इंग्रज माणूस म्हणतो, ‘आय ॲम हंग्री.’ मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ येते. ‘तू जेवलास का?’ यातला ‘का’ आपण शेवटी लावतो; इंग्रजीत प्रश्नाची खूण वाक्याच्या आरंभीच येते. जो मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याचे इंग्रजी करतो, त्याला प्रत्येक वाक्य असे उलटेपालटे करावे लागते. तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. म्हणून सुटे शब्द गोळा करण्याऐवजी पूर्ण, छोटी वाक्ये कानात बसली पाहिजेत. त्यासाठी गोष्टीसारखे साधन नाही.

गोष्ट काय शिकवते?

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. ती इंग्रजीत अशी सुरू करू: ‘अ क्रो वॉज थर्स्टी. द क्रो सॉ अ पॉट.’ पहिल्यांदा ‘अ क्रो’, दुसऱ्यांदा ‘द क्रो’. का? आपणही तसेच सांगतो: ‘एक कावळा होता. त्या कावळ्याला तहान लागली.’ आपला ‘एक’ तो येथे ‘अ’, आपला ‘तो’ किंवा ‘त्या’ तो ‘द’. व्याकरणाच्या पुस्तकात जो नियम पानभर चालतो, तो गोष्टीत दोन वाक्यांत उमगतो.

गोष्टीत भूतकाळ आपोआप येतो: गेला, पाहिले, म्हणाला. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पाठांतराची गरज पडत नाही. आणि गोष्ट आधीच ठाऊक असली की अर्थासाठी अडून राहावे लागत नाही, सगळे लक्ष भाषेकडे लागते. म्हणून सुरुवात ओळखीच्या गोष्टींनी करावी. पाली वाङ्मयातील जातककथा ५४७ आहेत. त्यांतील लहान, प्राण्यांच्या कथा यासाठी फार चांगल्या.

गोष्टीवरून संभाषण

गोष्ट ऐकून गप्प बसू नये, तिच्यावर प्रश्न विचारावेत. हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ, म्हणजे कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे, या सहा शब्दांवर बरेचसे संभाषण उभे असते. ‘व्हॉट डिड द क्रो सी?’ असा प्रश्न केला की उत्तर येते, ‘द क्रो सॉ अ पॉट.’ प्रश्नात ‘सी’ आणि उत्तरात ‘सॉ’ का? कारण प्रश्नात भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचललेला असतो. असे दहा प्रश्न झाले की नियम जिभेवर बसतो.

मग तेच प्रश्न रोजच्या जीवनात आणावेत. एस.टी. स्टँडवर दोघे मित्र भेटले असे समजा. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ‘आय ॲम गोइंग टू गंगाखेड.’ ‘व्हाय?’ ‘माय सिस्टर लिव्ह्ज देअर.’ एवढे झाले तरी ते संभाषणच आहे. शिवाय बस, तिकीट, डॉक्टर, फॉर्म, बिल, नंबर असे कितीतरी शब्द आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या आजीलाही येतात. म्हणजे आपण शून्यापासून सुरुवात करत नाही.

आठवड्याचा क्रम

१) पहिल्या दिवशी गोष्ट नुसती ऐकावी. २) दुसऱ्या दिवशी सर्वांनी मोठ्याने वाचावी. ३) तिसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरे करावीत. ४) चौथ्या दिवशी दोघातिघांनी पात्रे घेऊन संवाद म्हणावेत. ५) पाचव्या दिवशी पुस्तक मिटून आपल्या शब्दांत गोष्ट सांगावी. ६) सहाव्या दिवशी पाच वाक्ये लिहावीत. रोज अर्धा तास पुरे. एक नियम मात्र कडक पाळावा: चुकणाऱ्याला कोणी हसायचे नाही आणि वाक्य पूर्ण होण्याआधी कोणी टोकायचे नाही. आपल्या मुलांचे तोंड अज्ञानापेक्षा लाजेनेच अधिक बंद होते.

हे कशासाठी?

नोकरी हे एक कारण आहेच. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीतून चालते. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पण बहुतेक परदेशी विद्यापीठांचा प्रवेश इंग्रजीच्या परीक्षेवर अडतो. याहून मोठे कारण असे की, बाबासाहेबांचे बहुतेक प्रमुख ग्रंथ इंग्रजीत आहेत. आपण त्यांना वंदन करतो, पण त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत वाचू शकत नाही.

१९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत पाहावा. त्यातील मजकूर क्रमांक घातलेल्या लहान लहान परिच्छेदांत मांडला आहे; पुष्कळ ठिकाणी परिच्छेद एका वाक्याचाच आहे. त्यात उपाली न्हाव्याची, सुनीत सफाई कामगाराची कथा आहे, ठिकठिकाणी प्रश्नोत्तरे आहेत. गोष्ट आणि संभाषण, दोन्ही तेथे आहेत. कावळ्याच्या गोष्टीपासून निघालेला विद्यार्थी नेटाने चालला, तर सुनीताच्या कथेपर्यंत नक्की पोहोचेल.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून या ग्रंथाचे मराठी वाचन होते. त्यानंतर अर्धा तास मुलांनी त्यातलीच एखादी कथा इंग्रजीतून वाचावी आणि मोठ्यांनीही सोबत बसून ऐकावी, अशी आमची सर्व सभासदांना नम्र विनंती आहे. जागा आहे, ग्रंथ आहे, माणसे जमलेलीच असतात. फक्त पहिले वाक्य कोणीतरी बोलायचे आहे.