फ्रिखिलियानातला मुक्काम

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर नेर्खा नावाचं गाव आहे. तिथून सहा किलोमीटर आत, अल्मिखारा डोंगराच्या अंगावर, सुमारे ३०० मीटर उंचीवर फ्रिखिलियाना वसलंय. घरं सगळी पांढरी, एकाच्या गच्चीला दुसऱ्याचा उंबरा. सहलीच्या बसगाड्या सकाळी उशिरा माणसं सोडतात, दोन तास फोटो निघतात आणि गाड्या परत जातात. तेवढ्यासाठी इतक्या लांब जाऊ नये. इथे एक रात्र राहायचं हे आधी ठरवा, बाकीचा बेत त्याभोवती बसतो.

महिना कुठला धरायचा? जुलै-ऑगस्टमध्ये ऊनही फार आणि गर्दीही. एप्रिल-मे चांगले, पण मराठी माणसाने सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर निवडावा, कारण तेव्हा या भागात आंबा उतरतो. हो, आंबाच. मागचे डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतात, समोर भूमध्य समुद्र, त्यामुळे हिवाळा सौम्य. म्हणूनच इथे आंबा, अवोकाडो आणि एके काळी ऊससुद्धा.

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. नियमाने शेवटची मुदत १५ दिवसांची, पण तिच्या भरवशावर राहू नका. सुट्ट्यांच्या तोंडावर बोटांचे ठसे द्यायलाच तारीख मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. जवळचा विमानतळ मालागाचा. मुंबईहून तिथे जाताना विमान कुठेतरी बदलावं लागतं. माद्रिदला उतरलात तर पुढे जलद रेल्वेने मालागा तीनेक तासांवर. नेर्खाला रेल्वे नाही, तिथे बसने जायचं आणि वर गावात छोट्या बसने किंवा टॅक्सीने. रविवारी पोचणार असाल तर बसचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

खोली घेताना पायऱ्या किती चढायच्या ते विचारा. जुन्या वस्तीत गाडी शिरत नाही. वाट म्हणजे कोकणातली पाखाडीच, फक्त गुळगुळीत गोटे बसवलेली. चाकांची बॅग तिथे उचलूनच न्यावी लागते, आणि गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या अंगाला राहिलेलं बरं. दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद असतात. जेवणं रात्री नऊनंतर. तेव्हा भटकायचं ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी.

तेव्हाच भिंती नीट बघता येतात. त्यांचा पांढरा रंग चुन्याचा. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून पातळ करायचा आणि कुंचल्याने मारायचा. सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा दगड होतो. ऊन परतवतो, जंतूंना टिकू देत नाही. म्हणून जुन्या घरांवर वर्षानुवर्षं हात बसत गेले आणि त्यांचे कोपरे गोल झाले. बोटाने चाचपून पाहा, धार लागत नाही. जिथे कोपरा तीक्ष्ण दिसेल तिथे बहुधा डब्यातला रंग आहे.

भिंतींवर चिनीमातीच्या फरशा दिसतील. १५६९ साली मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांनी, स्पॅनिश राजसत्तेविरुद्ध बंड केलं आणि गावामागच्या कड्यावर ते हरले. ती हकिकत या फरशांवर आहे. त्यांची खूण भाषेतही उरली आहे: शेताला पाणी नेणाऱ्या तिथल्या पाटांना आजही जे ‘असेकिया’ म्हणतात, तो शब्द अरबीतून आलेला.

गावाच्या तोंडाशी सोळाव्या शतकातला एक वाडा आहे, ‘एल इन्खेनिओ’. आत उसाची काकवी बनते. युरोपात असं ठिकाण हे एकच, असं सांगतात. ऊस मात्र आसपास उरला नाही, या किनाऱ्यावरचा शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला. तिथले लोक या काकवीला ‘उसाचा मध’ म्हणतात आणि तळलेल्या वांग्याच्या कापांवर ओततात. कोल्हापूरकरांनी नाक मुरडण्याआधी एक घास घ्यावा. काकवी कडवटसर, वांगं खारट, मस्त जमतं.

बाटली घेतलीत तर मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. विमानतळावर काकवी द्रवात मोजतात आणि हातातल्या पिशवीतून काढून घेऊ शकतात.