दिसतं, पण दिसत नाही

१९७३ साली इंग्लंडमध्ये एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या अगदी मागे, उजवीकडे रक्तवाहिन्यांचा गुंता झाला होता. तो काढताना तिथला मेंदूचा तुकडाही गेला. डोकेदुखी थांबली, पण समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग गायब झाला. डावा डोळा गेला असं नव्हे; दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेना. शास्त्रीय लेखनात या रुग्णाला फक्त ‘डी. बी.’ म्हणतात.

ऑक्सफर्डचे लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी त्याच्या या आंधळ्या बाजूला प्रकाशाचा ठिपका दाखवला आणि तो कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. काही दिसतच नव्हतं, तेव्हा अंदाजपंचे का होईना, दाखवायचं. बोट ठिपक्याच्या आसपासच जाऊ लागलं! रेघ उभी की आडवी, हेही बहुतेक वेळा बरोबर आलं. निकाल ऐकून सगळ्यात जास्त चकित झाला तो डी. बी. स्वतः. १९७४ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि या प्रकाराला ‘ब्लाइंडसाइट’ असं नाव पडलं.

हे घडतं कसं? डोळ्यातून निघालेल्या बहुतेक तंतूंची वाट मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसमधून, झोपताना उशीला टेकतो त्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्राकडे जाते. डी. बी.ची उजवीकडची ही वाट शेवटच्या टोकाला तुटली होती. पण थोडे तंतू आधीच फुटून मध्यमेंदूतल्या एका छोट्या उंचवट्याकडे वळतात. ही वाट फार जुनी. बेडकाचा तर बराचसा कारभार तिच्यावरच चालतो. कुठे काय हललं ते टिपायचं आणि नजर तिकडे वळवायची, एवढं तिला जमतं. त्यासाठी ‘मला दिसतंय’ असं कुणाला वाटावं लागत नाही.

मग ते वाटणं कुठून येतं? पेशींच्या संख्येतून नक्कीच नाही. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. तरीही तो जन्मतःच नसलेली माणसं शुद्धीवर असतात, बोलतात, चालतात. खरा प्रश्न जोडणीचा दिसतो. पॅरिसचे स्तानिस्लास दहान क्षणभरच दाखवलेल्या शब्दांवर प्रयोग करतात. शब्द नकळत निसटला, तर मेंदूतली हालचाल उठते आणि लगेच विरते. तो जाणवला, तर साधारण ३०० मिलिसेकंदांनी पुढचे आणि वरचे भागही एकदम जागे होतात. एका आळीत कुजबुजलेली बातमी आणि गावभर पिटलेली दवंडी यांत असतो तसा हा फरक. दहान यांच्या मते ही दवंडी म्हणजेच जाणीव.

मला हे अर्धंच पटतं. बातमी गावभर कशी पोचते ते कळलं, पण तांबडा रंग तांबडा ‘वाटतो’ का, ते यातून कळत नाही. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज मारली होती, की जाणिवेची मेंदूतली खूण २५ वर्षांत स्पष्ट सापडेल. २०२३ साली न्यू यॉर्कमध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाईनच्या बाटल्या चाल्मर्सच्या हवाली केल्या.