परिचारिकेस डॉक्टरेट कशाला?

रुग्णसेवा अनुभवाने येते, मग तीत डॉक्टरेट कशाला, असा प्रश्न परिचर्येचे उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलींना घरचीच माणसे विचारतात. प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर इस्पितळापेक्षा वस्तीत शोधावे, असे आम्हांस वाटते.

1902 साली न्यूयॉर्कमध्ये खुपऱ्या, नायटा, उवा आढळलेल्या मुलांना शाळेचे डॉक्टर घरी धाडीत. घरी उपचार होत नसत. मूल गल्लीत त्याच सवंगड्यांत खेळे आणि शाळेला मात्र मुके. ‘सार्वजनिक आरोग्य परिचारिका’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या लिलियन वाल्ड यांनी आपल्या हेन्री स्ट्रीट संस्थेतील लीना रॉजर्स यांना महिनाभरासाठी चार शाळांत पाठविले. त्यांनी शाळेतच औषधोपचार केले आणि घरोघर जाऊन आयांना ते शिकविले. मुले वर्गात परतली, आणि शहराच्या आरोग्य खात्याने आणखी परिचारिका नेमल्या.

औषधे जुनीच होती; व्यवस्था तेवढी नवी होती. दोष हेरणे, उपाय लहान प्रमाणावर करून पाहणे, परिणाम मोजणे आणि अधिकाऱ्यांस तो पटविणे, ही कामे वाल्डबाईंनी स्वयंबुद्धीने केली. ती शिकविता यावीत, हाच डॉक्टरेटचा हेतू होय.

अमेरिकेत केंटकी विद्यापीठाने 2001 साली ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ हा अभ्यासक्रम सुरू केला. प्रगत परिचर्येचे शिक्षण 2015 पर्यंत या पदवीपर्यंत न्यावे, असा ठराव तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने 2004 साली केला. ती मुदत सर्वत्र पाळली गेली नाही. पदवी मात्र रुजली. पीएच.डी. नवे ज्ञान शोधावयास शिकविते, तर ही पदवी सिद्ध झालेले ज्ञान व्यवहारात उतरविण्यास. सार्वजनिक आरोग्य शाखेत साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र व आरोग्यधोरण यांचा अभ्यास असतो. पहिल्या पदवीनंतर एकंदर किमान 1000 तासांचे प्रत्यक्ष काम आणि अखेरीस एक प्रकल्प करावा लागतो. एखाद्या वस्तीत बालकांचे लसीकरण मध्येच का तुटते, याचा छडा लावून ते पुन्हा जोडून दाखविणे, असा तो प्रकल्प असू शकतो.

आपल्याकडे परिचर्येचे पदवीशिक्षण 1946 साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. आज पीएच.डी.चीही सोय आहे आणि सामुदायिक आरोग्य ही तीतील एक शाखा आहे. गावोगाव हिंडणाऱ्या नर्सबाईंच्या नोंदवह्यांत गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, ताप, लसी या साऱ्यांचा हिशेब असतो. तो वाचून योजना आखणाऱ्यांपुढे अधिकाराने मांडील अशी, त्याच वाटा तुडविलेली विदुषी हवी. पदवी मिळताच ती खुर्चीला खिळली, तर मात्र वस्तीचे दुहेरी नुकसान होईल, हेही आम्हांस दिसते.

म्हणून घरातील एखादी लेक किंवा सून हा मार्ग धरू म्हणाली, तर वयाचा आणि खर्चाचा हिशेब जरूर मांडावा. पण तिला पहिला प्रश्न विचारावा तो हा: “शिकून पुन्हा वस्तीत जाशील ना?” उत्तर होकारार्थी आले, तर तिच्या पाठीशी उभे राहावे.