विठ्ठलवाडी पाटीवर नीट उमटेपर्यंत

रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. प्रोसेसर, मेमरी, यूएसबी सारे एकाच बोर्डावर. पडदा मात्र नाही. घरात असेल तो पडदा लावायचा, आणि प्रत्येक पडद्याला चित्र पोचवण्याची रीत निराळी.

एचडीएमआयची वाट सगळ्यात सोपी. २०१९ च्या पाय ४ वर मोठ्या पोर्टऐवजी दोन मायक्रो पोर्ट आले, म्हणून टीव्हीची नेहमीची केबल त्यात बसत नाही. केबल जोडल्यावर टीव्ही आपली मापे पायला कळवतो आणि त्या मापाचे चित्र सुरू होते. टीव्ही बंद असताना पाय आधी सुरू झाला, तर ही ओळख होत नाही आणि पडदा काळाच राहू शकतो. सेटिंगच्या फाइलीत मापे आधीच लिहून ठेवली की काम भागते. जुन्या व्हीजीए मॉनिटरला साधी केबल पुरत नाही, कन्व्हर्टर लागतो. पिवळ्या पिनेच्या टीव्हीसाठी पाल पद्धत निवडावी लागते, नाहीतर रंग उडू शकतात. बिघडलेल्या लॅपटॉपचा पडदासुद्धा टाकून देऊ नये. त्याच्या पाठीवरच्या नंबराला जुळणारा ड्रायव्हर बोर्ड मिळाला, तर तो मॉनिटर म्हणून चांगली सेवा देतो.

२०१५ मध्ये आलेला ७ इंची टचस्क्रीन चपट्या रिबनने बोर्डाला जोडतात. रिबन उलटी बसली की काहीच दिसत नाही. त्याहून लहान पडदे बोर्डावरच्या ४० पिनांना जोडतात. त्यांतला सोळा अक्षरे, दोन ओळींचा एलसीडी सर्वांत स्वस्त, पण मराठीच्या कामाचा नाही: मनाची चिन्हे एका वेळी आठच बनवता येतात, तीही ५ बाय ८ ठिपक्यांत, आणि दोन घरांमधल्या फटीत शिरोरेषा तुटते.

कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात दुकानावर धावत्या अक्षरांची पाटी लावायची, तर गाठ पी१० पॅनलशी पडते. हे पॅनल म्हणजे १० मिलिमीटर अंतरावरचे आडवे ३२, उभे १६ असे ५१२ एलईडी. सगळे एकदम पेटल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात एका क्षणी १६ पैकी चारच ओळी जिवंत असतात: पहिली, पाचवी, नववी, तेरावी. पॅनल उलटे केले की मागे आठ-आठ बिट धरणाऱ्या सोळा चिपा दिसतात. पाय त्यांत १२८ बिट एकामागोमाग ढकलतो, ते पक्के करतो, चार ओळी पेटवतो आणि पुढच्या चारांकडे वळतो. हा फेरा इतक्या वेगाने चालतो की डोळ्याला स्थिर अक्षर दिसते. इतक्या साध्या युक्तीवर अख्खी पाटी उभी आहे, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

खरी कटकट इथूनच सुरू होते. पायच्या पिनांवर ३.३ व्होल्ट असतात, पॅनलला ५ व्होल्टचा इशारा हवा. मधे लेव्हल शिफ्टर नसला तर भलतेच ठिपके पेटू शकतात. पॅनलची वीज पायमधून न घेता वेगळ्या ५ व्होल्टच्या सप्लायमधून घ्यावी आणि दोघांचा ग्राउंड एक करावा. त्यात पायवर चालणाऱ्या लिनक्सला शंभर कामे. तो क्षणभर दुसरीकडे वळला की चार ओळी जास्त वेळ पेटून राहतात आणि पाटी लुकलुकते. प्रोसेसरचा एक गाभा याच कामासाठी राखून ठेवावा, नाहीतर ओळी पेटवायचे काम २०२१ मध्ये आलेल्या पिकोसारख्या मायक्रोकंट्रोलरवर सोपवावे. दुसरी रीत अधिक भरवशाची. लाईट अचानक गेली तर मेमरी कार्डावरच्या फाइली खराब होऊ शकतात, म्हणून पाटी बसल्यावर कार्ड फक्त वाचता येईल असे करून ठेवावे.

एवढे झाले तरी लिपी उरतेच. कल्याण-कर्जत मार्गावरची स्थानकांची नावे हीच तिची परीक्षा. ‘बदलापूर’ साध्या प्रोग्रॅममध्येही फारसे बिघडत नाही आणि पाटी तयार झाली असे वाटते. ‘कल्याण’ आणि ‘उल्हासनगर’ लावले की ‘ल’चा पाय मोडून पडतो. ‘विठ्ठलवाडी’त दोन्ही दुखणी एकदम येतात: साठवताना ऱ्हस्व वेलांटी ‘व’नंतर असते आणि दिसायला हवी त्याच्या आधी, शिवाय ‘ठ’खाली ‘ठ’. ही जुळवाजुळव हार्फबझसारखी लायब्ररी करते. आधी तिच्या मदतीने शब्दाचे चित्र करून घ्यावे, मग त्या चित्राचे ठिपके पॅनलला द्यावेत. तरी १६ ओळींत शिरोरेषेवरची वेलांटी आणि एकाखाली एक दोन ‘ठ’ दाटीवाटीने बसतात. एकरंगी पॅनलला फिकट छटा नसते, म्हणून संगणकावर गोंडस दिसणाऱ्या फाँटची बारीक वळणे इथे गळून पडतात. अशा वेळी दोन पॅनल एकावर एक लावून ३२ ओळी कराव्यात, किंवा अक्षरे ठिपका-ठिपका हाताने काढावीत. हाताने काढलेले अक्षर वेळ खाते, पण लांबून तेच ठसठशीत दिसते. पाटी भिंतीवर चढवण्याआधी ही चारही नावे तिच्यावर लावावीत, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून वाचावीत, आणि ‘ठ्ठ’चे पोट भरून गेलेले दिसले तर आतला एकेक ठिपका विझवून पाहावा.