भिंतीत बोल्ट बसवताना : पकड बोल्टची नव्हे, भिंतीची



विहिरीवरील पंप, पंपघरातील स्टार्टरची पेटी, ठिबकच्या फिल्टरचे स्टँड, गोठ्यातील दाव्याच्या कड्या, फाटकाच्या बिजागऱ्या, शेडचे लोखंडी खांब. शेतावरील या साऱ्या वस्तू शेवटी दोन-चार स्क्रू किंवा बोल्टच्या आधारावर उभ्या असतात. पंप घेताना आपण चार दुकाने फिरतो, चार जणांना विचारतो. तो पंप ज्या बोल्टने बसवायचा, ते बोल्ट मात्र गवंडी किंवा वायरमन जे देईल ते आपण मुकाट्याने लावून घेतो.

आमच्या घरच्या शेतावर असेच झाले. पंपघरातील स्टार्टरची पेटी विटांच्या भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकून बसवली होती. पावसाळ्यात गुल्ल्या फुगल्या, उन्हाळ्यात आकसल्या. एके दिवशी थोरल्या बंधूंनी बटण दाबले आणि अख्खी पेटी वायरींसकट हातात आली. त्या वेळी वीज गेलेली होती म्हणून निभावले. नंतर पाहिले तर स्क्रू अगदी नव्यासारखा होता, गुल्लीही तुटलेली नव्हती. गुल्ली बसली होती ती फक्त वरच्या गिलाव्यात. विटेपर्यंत ती पोचलीच नव्हती. लोखंड कितीही चांगले असले तरी ते ज्यात रुतले आहे, त्याच्याइतकीच त्याची पकड असते, हा धडा त्या दिवशी मिळाला. तोच येथे थोडा विस्ताराने सांगत आहे.

बोल्ट भिंतीला धरतो कसा?

बोल्ट भिंतीला तीन प्रकारे धरतो.

1. फुगून : प्लास्टिकचा प्लग किंवा लोखंडी अँकर बोल्ट भोकात फुगतो आणि भोकाच्या बाजूंवर दाब देतो. त्या घर्षणाने तो टिकतो.
2. अडकून : काँक्रीट ओततानाच आत ठेवलेला आकडीचा फाउंडेशन बोल्ट किंवा भिंतीच्या आरपार जाऊन मागे पट्टीवर आवळलेला बोल्ट.
3. चिकटून : भोकात रासायनिक राळ भरून त्यात बसवलेला सळईसारखा बोल्ट.

काँक्रीट दाबाला फार मजबूत असते, पण ओढीला कच्चे. ओढ सहन करण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश असते. त्यामुळे खोल बसवलेला चांगला बोल्ट जोराने ओढला तर बहुधा बोल्ट तुटत नाही. त्याच्याभोवतीचा काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा उखडून येतो. बोल्ट जितका खोल, तितका हा शंकू मोठा आणि पकड अधिक. खोली दुप्पट केली तर काँक्रीटची पकड सुमारे पावणेतीन पट होते. उलट बोल्ट कडेजवळ असेल तर शंकू अर्धवट राहतो आणि कड फुटते.

आधी भिंत ओळखा

गिलाव्यामुळे सगळ्या भिंती वरून सारख्याच दिसतात. म्हणून आडबाजूला एक लहान भोक पाडून पाहावे आणि बाहेर येणारी भुकटी तपासावी. सुरुवातीच्या 12 ते 20 मि.मी. मध्ये गिलाव्याची भुकटी येते. ती सोडून द्यावी.

• काँक्रीट : भुकटी करडी, बारीक; ड्रिल सावकाश आत जाते. येथे सर्व प्रकारचे अँकर चालतात. मात्र काँक्रीट 28 दिवसांचे होण्यापूर्वी फुगणारे अँकर बसवू नयेत.

• भाजकी वीट : भुकटी लाल. भोक विटेच्या मधोमध घ्यावे, सांध्यात घेऊ नये. जुन्या घरातील सांधे चुन्याचे किंवा मातीचे असतील तर तेथे काहीच टिकत नाही. लोखंडी फुगणारा बोल्ट विटेत आवळल्यास वीटच फुटते.

• पोकळ किंवा वजनाला हलके ब्लॉक : ड्रिल एकदम आत सटकते किंवा फार सहज जाते. साधा प्लग येथे फिरत राहतो. त्यासाठी मिळणारे लांब प्लग किंवा आरपार बोल्ट वापरावेत.

• काळा दगड : अतिशय कठीण. दगड अखंड असेल तर पकड उत्तम. पण दगडांमधील भरावात भोक गेले तर पकड नाही.

• कोकणातील जांभा : सच्छिद्र आणि तुलनेने मऊ. फुगणाऱ्या बोल्टपेक्षा आरपार बोल्ट किंवा राळेचा बोल्ट बरा.

• मातीची भिंत : मराठवाड्यातील पांढऱ्या मातीच्या भिंतीत कोणताही प्लग बसवू नये. वजन लाकडी खांबावर किंवा तुळईवर घ्यावे.

कशासाठी काय वापरावे?

वायरीच्या पट्ट्या, स्विच बोर्ड, लहान फळी अशा हलक्या वस्तूंसाठी प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू पुरेसा आहे. लाकडी गुल्ली आता विसरावी. प्लगचे संपूर्ण अंग गिलाव्याच्या पलीकडे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजे. स्क्रूची लांबी काढण्याचा हिशोब सोपा आहे. प्लग 40 मि.मी., गिलावा 15 मि.मी., पेटीची पट्टी 3 मि.मी. आणि स्क्रूचे टोक प्लगच्या बाहेर यावे म्हणून 5 मि.मी., असे एकूण 63 मि.मी. म्हणजे 65 मि.मी. लांबीचा स्क्रू घ्यावा. आमच्या पेटीला बहुतेक 40 मि.मी. चे स्क्रू होते!

छताला टांगायच्या वस्तू मात्र प्लास्टिकच्या प्लगवर कधीही टांगू नयेत. काँक्रीटमध्ये स्टँड किंवा जड पट्टी बसवण्यासाठी लोखंडी अँकर बोल्ट वापरावेत. फाटकाची बिजागरी आणि जनावरे बांधण्याची कडी विटांच्या भिंतीत बसवायची असेल तर बोल्ट आरपार न्यावा आणि मागील बाजूस साधारण 10 सें.मी. लांबी-रुंदीची जाड लोखंडी पट्टी घालून नट आवळावा. जनावर बिथरले की दाव्याला एकसारखे झटके देते. अशा झटक्यांनी फुगून धरणारा बोल्ट हळूहळू सैल होतो. आरपार बोल्टला मात्र मागची पट्टी सोडत नाही.

भोक पाडण्याची योग्य पद्धत

1. जागा खुणा करून निश्चित करावी. काँक्रीटच्या कडेपासून आणि दोन बोल्टमध्ये बोल्टच्या जाडीच्या साधारण दहापट अंतर ठेवावे. म्हणजे 12 मि.मी. बोल्टसाठी 12 सें.मी.
2. बोल्टच्या वेष्टनावर दिलेल्या मापाचाच बिट घ्यावा. झिजलेला बिट किंवा सुंबा-हातोड्याने पाडलेले वेडेवाकडे भोक चालत नाही.
3. हवी असलेली खोली बिटवर चिकटपट्टी गुंडाळून दाखवावी. भोक बोल्टपेक्षा 10 मि.मी. जास्त खोल घ्यावे, म्हणजे तळाला भुकटीसाठी जागा राहते.
4. काँक्रीट आणि दगडात ड्रिलचा ठोका चालू ठेवावा. मऊ वीट आणि पोकळ ब्लॉकमध्ये ठोका बंद करून फक्त फिरवावे, नाहीतर भोक मोठे होते.
5. भोक फुंकून, ब्रशने घासून पुन्हा फुंकावे. सायकलचा पंप आणि बाटली धुण्याचा बारीक ब्रश या कामी चालतो. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. आत राहिलेली भुकटी पावडरीसारखे काम करते आणि बोल्ट घसरतो. राळेचा बोल्ट तर भुकटीलाच चिकटतो, भिंतीला नाही.
6. नट पान्याने बेताने आवळावा. पान्यात पाइप घालून जोर लावू नये. नट आवळताना बोल्टच बाहेर येऊ लागला तर तो तेथे धरणार नाही असे समजावे व दुसरी जागा घ्यावी.

ओढ कोठे येते ते पाहा

समजा, भिंतीवरील पट्टीवर 20 किलो वजन भिंतीपासून 30 सें.मी. अंतरावर आहे आणि पट्टीच्या वरच्या बोल्टपासून खालच्या टेकूपर्यंतचे अंतर 15 सें.मी. आहे. 20 ला 30 ने गुणून 15 ने भागले की 40 येतात. म्हणजे वजन 20 किलोच असले तरी वरचा बोल्ट भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ 40 किलो होते. पट्टीची उंची 30 सें.मी. केली तर हीच ओढ 20 किलोवर येते. बोल्ट जाड घेण्यापेक्षा पट्टी उंच घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

शेडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेडचे वजन खांबाला खाली दाबते, पण वळवाच्या पावसाआधीचा वारा पत्र्यांना वर उचलतो. शेड जितकी हलकी, तितका हा धोका अधिक. म्हणून खांबाखालचे आकडीचे बोल्ट काँक्रीट ओततानाच खोल बसवावेत. नंतर वरवर भोके पाडून भागवू नये.

पंपाचा चौथरा

पंप चालू असताना सतत थरथरतो. अशा ठिकाणी नंतर बसवलेल्या फुगणाऱ्या बोल्टवर विसंबू नये. चौथऱ्याचे वजन पंप आणि मोटारीच्या एकत्रित वजनाच्या किमान तिप्पट असावे. संच 100 किलोचा असेल तर 300 किलो काँक्रीट लागेल. त्यासाठी 80 सें.मी. लांब, 50 सें.मी. रुंद व 32 सें.मी. खोल चौथरा पुरतो.

पंपाच्या बैठकीची भोके लाकडी फळीवर उतरवून घ्यावीत आणि त्या जागी चौथऱ्यात चौकोनी खाचा ठेवाव्यात. चौथऱ्यावर किमान 10 दिवस पाणी मारावे. नंतर बोल्ट खाचांत सोडून, बैठक पाणसळ लावून सपाट करावी आणि खाचा 1:2 प्रमाणाच्या सिमेंट-वाळूने भराव्यात. आठवडाभर थांबून मगच नट पूर्ण आवळावेत. प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर घालावा. पंप महिनाभर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

गंज आणि सुरक्षितता

गोठ्यातील मूत्र व अमोनियामुळे आणि किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे साधे लोखंड लवकर गंजते. गोठ्यात जस्त चढवलेले आणि समुद्राजवळ शक्यतो स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. गंजलेला बोल्ट फुगतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडतो.

भोक पाडण्यापूर्वी भिंतीतील वायर कोठून गेली आहे ते पाहावे. स्विचच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक घेऊ नये. त्या भिंतीचा वीजपुरवठा बंद करावा आणि ड्रिलसाठी वीज दुसरीकडून घ्यावी. डोळ्यांवर चष्मा व नाकावर चांगला मास्क लावावा. दगड व काँक्रीटची बारीक धूळ फुफ्फुसाला कायमचा अपाय करते. काँक्रीटमध्ये सळई लागल्यास ती कापू नये, जागा बदलावी. विजेच्या आणि कुंपणाच्या ताणलेल्या तारांच्या सिमेंट खांबांना तर मुळीच भोक पाडू नये. त्यांना बाहेरून क्लॅम्प लावावा.

हे लक्षात ठेवा

• गिलावा भार घेत नाही. पकड त्याच्या पलीकडे हवी.
• भोक योग्य मापाचे, खोल आणि स्वच्छ असावे.
• कडेपासून दूर राहावे.
• झटका व थरथर असेल तेथे आरपार किंवा ओतीव बोल्टच वापरावा.

सुगी आटोपल्यावर थोडी सवड मिळते. त्या वेळी पंपघर, गोठा आणि शेडमधून एक फेरी मारावी. वीज बंद करून प्रत्येक पेटी, कडी आणि पट्टी हाताने हलवून पाहावी. जी हलेल ती त्याच दिवशी दुरुस्त करावी. आमच्या घरी वीज गेलेली होती म्हणून वाचलो. प्रत्येक वेळी ती गेलेलीच असेल असे नाही.